दोन कोरिया, एक संघ: झेंडा, गीत आणि मैदान नेमकं ठरवतं कोण?

मधली फळी (धागाकर्ता)

उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या सामन्यांबद्दल वाचताना सुरुवात आणि शेवट तेवढा हाती लागतो. सुरुवातीला दोन्हीकडचे पुढारी हसत फोटो काढतात, शेवटी कुणीतरी बिनसून माघार घेतं. मधे कागदोपत्री काय चालतं ते कुठे येत नाही. जाणकारांनी सांगावं.

१. समोरासमोर सामना असेल तर कुणाचा झेंडा, कुणाचं गीत हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? यजमानाचा की महासंघाचा?

२. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकीचा संयुक्त संघ ३५ जणींचा होता, बाकी देशांचे २३ चे. हे नियमात बसवलं कसं?

३. २०१९ मध्ये प्याँगयांगला रिकाम्या स्टेडियममध्ये सामना झाला, थेट प्रक्षेपणही नव्हतं. कारवाई का झाली नाही?

४. जर्मनीने हा प्रयोग आधी केला होता. त्यांना जमलं ते कोरियाला का जमू नये?

भारत-पाकिस्तानचा विषय निघाला तर हरकत नाही, पण धागा तिकडे पळवू नका. 'एकदाचा धडा शिकवा' छापाच्या प्रतिसादांसाठी इतरत्र भरपूर जागा आहे.

---

राखीव गोलकीपर

१ आणि ३ एकत्रच घेतो, कारण दोन्हीचं उत्तर एकाच प्रश्नावर अडलेलं आहे: सामना कुणाच्या स्पर्धेतला?

मैत्रीपूर्ण सामना असेल तर दोन संघटना आपसात ठरवतील ते खरं. ऑक्टोबर १९९० मध्ये असे दोन सामने झाले. ११ तारखेला प्याँगयांगमध्ये उत्तर कोरिया २-१ ने जिंकला, २३ तारखेला सोलमध्ये दक्षिण १-० ने. सरकारांची इच्छा होती, सामने पार पडले.

विश्वचषकाची पात्रता फेरी आली की स्पर्धा फिफाची. यजमानाने पाहुण्यांचा ध्वज लावायचा आणि राष्ट्रगीत वाजवायचं, यात सूट नाही. २६ मार्च २००८ चा सामना प्याँगयांगला ठरला होता. दक्षिणेचा ध्वज आपल्या राजधानीत फडकवणं म्हणजे त्या राज्याला मान्यता देणं, असं उत्तरेचं म्हणणं. त्यांनी पर्याय सुचवला: निळ्या द्वीपकल्पाचा एकीकरण ध्वज आणि दोघांचंही राष्ट्रगीत न वाजवता 'आरिरांग' हे लोकगीत. दक्षिणेने नकार देऊन फिफाकडे धाव घेतली. फिफाने सामना शांघायला हलवला, तो ०-० सुटला. दोघे पुढच्या फेरीतही एकाच गटात आले आणि सप्टेंबर २००८ मधला उत्तरेचा 'घरचा' सामना पुन्हा शांघायला झाला, १-१. गंमत म्हणजे त्याच गटातून दोघेही २०१० च्या विश्वचषकाला पोचले.

इथे फिफाने काय केलं नाही तेही पाहा. गुण कापले नाहीत, बाद केलं नाही. नियम मोडायची तयारी दाखवणाऱ्याचं घरचं मैदान गेलं, बस्स. दोन्ही बाजूंना आपापल्या देशात 'आम्ही झुकलो नाही' असं सांगता यावं, ही त्रयस्थ मैदानाची खरी सोय. सगळ्याच खेळांचे महासंघ म्हणून आधी तिकडेच वळतात.

आता २०१९. त्याआधी उत्तरेने दोनदा नमतं घेतलं होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये प्याँगयांगच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेत दक्षिणेचं राष्ट्रगीत तिथे पहिल्यांदा वाजलं. एप्रिल २०१७ मध्ये महिला आशियाई चषकाची पात्रता फेरी तिथे झाली, तेव्हाही दक्षिणेचा ध्वज होता. त्यामुळे १५ ऑक्टोबर २०१९ ला किम इल-सुंग स्टेडियममध्ये विश्वचषक पात्रता सामना ठेवायला ध्वज आणि गीताची अडचण उरली नव्हती. दोन्ही पाळलं गेलं. हात आखडला गेला तो नियमावलीत जे लिहिलेलंच नव्हतं तिथे:

प्रेक्षक: तिकिटं विकायची की नाही हे यजमान संघटनेच्या हातात. किमान इतके लोक हवेत असा नियम नाही. ५०,००० च्या स्टेडियममध्ये फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो आणि मूठभर पाहुणे बसले.

प्रक्षेपण: पात्रतेच्या त्या फेरीत प्रसारणाचे हक्क यजमान संघटनेकडे होते. तिने विकले नाहीत, तर थेट प्रक्षेपण नाही. दक्षिणेच्या पथकाला परतताना सामन्याची डीव्हीडी मिळाली, पण चित्राचा दर्जा आणि हक्कांचा घोळ यामुळे तीही तिकडच्या वाहिनीने दाखवली नाही.

व्हिसा: खेळाडूंना मिळाले. पत्रकार आणि समर्थकांना नाहीत. संघ बीजिंगमार्गे गेला आणि फोन-लॅपटॉप तिथल्या दूतावासात ठेवून पुढे गेला.

सामन्याची खबर बाहेर कशी येत होती? मैदानावरचे आशियाई महासंघाचे अधिकारी कळवायचे आणि ती पुढे सोलला जायची. गोल झाला नाही, पिवळं कार्ड दाखवलं, असल्या एका-एका ओळीवर अख्खा देश बसून होता. निकाल ०-०.

म्हणजे कारवाई करायची कोणत्या कलमाखाली? इन्फान्तिनोंनी नाराजी बोलून दाखवली आणि विषय संपला. पण वेगळ्या दाराने फटका बसलाच. त्याच वर्षीच्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चषकाची क्लबांची अंतिम लढत उत्तरेच्या 'एप्रिल २५' क्लबला प्याँगयांगमध्ये मिळणार होती. ती आधी शांघायला आणि अखेर क्वालालंपूरला नेली, कारण थेट प्रक्षेपण आणि प्रवासाची हमी मिळेना. 'एप्रिल २५' ती लढत लेबनॉनच्या अल-अहदकडून ०-१ ने हरला.

---

टेबलाखालून

प्रश्न २. तारखा नीट लावल्या की बरंचसं आपोआप उलगडतं.

१ जानेवारी २०१८: किम जोंग-उन यांनी नववर्षाच्या भाषणात प्याँगचांगला (त्या ऑलिंपिकचं दक्षिणेतलं यजमान ठिकाण) पथक पाठवायची तयारी दाखवली.
९ जानेवारी: सीमेवरच्या पानमुन्जोममध्ये दोन्ही सरकारांची बैठक.
२० जानेवारी: लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती (आयओसी), दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या, दोन्ही सरकारं आणि आयोजन समिती एका टेबलावर, आणि सह्या.
२५ जानेवारी: उत्तरेच्या १२ हॉकीपटू दक्षिणेच्या जिनचन प्रशिक्षण केंद्रात दाखल.
४ फेब्रुवारी: स्वीडनशी सराव सामना, १-३ ने हार.
१० फेब्रुवारी: स्वित्झर्लंडविरुद्ध पहिला सामना, ०-८.

म्हणजे एकत्र सरावाला जेमतेम दोन आठवडे. या खेळात पाच-पाच जणींच्या चार फळ्या असतात आणि दर मिनिटाभराने अख्खी फळी बदलते. कोण कुणाला न बघता पास देणार हे महिनोन्महिने घोटलेलं असतं. त्यात ऐन वेळी १२ नवी माणसं!

नियमाची वाट कशी काढली? यादी ३५ ची केली, २३ दक्षिणेच्या आणि १२ उत्तरेच्या. सामन्यासाठी नावं मात्र इतरांइतकीच, २२ (२० खेळाडू आणि २ गोलकीपर). त्या २२ मध्ये उत्तरेच्या किमान ३ हव्यात, ही अट. त्यामुळे 'बर्फावर तुम्हाला जादा काहीच मिळत नाही' असं प्रतिस्पर्ध्यांना सांगता आलं. स्विस बाजूने तरी नाराजी दाखवलीच, कारण दमलेल्या किंवा जखमी खेळाडूच्या जागी निवडायला ३५ चा साठा असणं हाही फायदाच. युक्तिवाद चुकीचा नव्हता. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या आठवड्यात कुणी नव्हतं, एवढंच.

खरी किंमत दक्षिणेच्या मुलींनी मोजली. साधं गणित आहे: एकट्या संघात २३ पैकी २२ जणी खेळल्या असत्या. विलीनीकरणानंतर दक्षिणेला जास्तीत जास्त १९ जागा. म्हणजे दर सामन्याला आणखी तिघी घरच्या ऑलिंपिकमध्ये गॅलरीत. निर्णय खेळाडूंना न विचारता झाला, आणि दक्षिणेच्या पंतप्रधानांनी 'नाहीतरी हा संघ पदकाच्या शर्यतीत नाही' अशा अर्थाचं बोलून आगीत तेल ओतलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. दक्षिणेतली तरुण पिढी या मुद्द्यावर सरकारवर बरीच उखडली होती.

प्रशिक्षक होत्या कॅनडाच्या सारा मरे. कोणत्या तिघी खेळवायच्या हे मीच ठरवणार, हे त्यांनी पकडून ठेवलं. भाषेचाही घोळ होता. दक्षिणेकडे खेळातले शब्द सर्रास इंग्रजी, उत्तरेकडे सगळे कोरियन. दोन्हीकडचे शब्द शेजारी-शेजारी मांडलेली यादी छापून वाटली तेव्हा कुठे फळ्यावरची आखणी सगळ्यांना कळू लागली.

पाचही सामने हरले. जपानविरुद्ध १-४ मधला एकमेव गोल रँडी हीसू ग्रिफिनचा, संयुक्त संघाचा ऑलिंपिकमधला पहिला. फलकावर संघाचं लघुनाव होतं 'सीओआर', फ्रेंच नावावरून घेतलेलं, म्हणजे दोघांपैकी कुणाचंच चालू लघुनाव नको.

---

पंचनामा

वरच्या प्रतिसादात निर्बंधांचा भाग राहिला आहे आणि माझ्या मते खरी दमछाक तिथेच झाली. २०१८ पर्यंत उत्तरेवर संयुक्त राष्ट्रांचे, अमेरिकेचे आणि खुद्द दक्षिणेचे असे तीन वेगवेगळे निर्बंध होते. प्रत्येक हालचालीला त्यातलं कुठलं आड येतं ते बघून वेगळी सवलत मागावी लागली.

विमान: दक्षिणेचे स्कीपटू एकत्र सरावासाठी ३१ जानेवारीला खास विमानाने वोनसानजवळच्या विमानतळावर उतरले. उत्तरेत जाऊन आलेल्या विमानाला अमेरिकेत उतरण्यावर बंदी होती. त्यातून सूट मिळेपर्यंत विमान कंपनी हलेना. होकार आला तो अगदी उड्डाणाच्या तोंडावर.

जहाज: उत्तरेचं कलापथक 'मानग्याँगबाँग-९२' मधून ६ फेब्रुवारीला मुखो बंदरात आलं. दक्षिणेच्या स्वतःच्या २०१० च्या आदेशाने उत्तरेच्या जहाजांना बंदी होती, ती तेवढ्यापुरती उठवली.

माणसं: शिष्टमंडळातल्या चे ह्वी यांच्यावर संयुक्त राष्ट्रांची प्रवासबंदी होती. सुरक्षा परिषदेच्या समितीकडून त्यांच्यासाठी वेगळी परवानगी आणली.

जर्सी: अमेरिकी कंपनीचा माल उत्तरेच्या खेळाडूंच्या अंगावर चढला तर निर्बंधाचा प्रश्न. म्हणून संयुक्त हॉकी संघाला नायकेऐवजी फिनलंडच्या टाकला कंपनीचा पोशाख.

ध्वजावरूनही भानगड झालीच. एकीकरण ध्वजावर पूर्वेकडे डोक्दो बेटांचे ठिपके काढायचे की नाही? जपान त्यांना ताकेशिमा म्हणतो आणि त्यांवर हक्क सांगतो. ४ फेब्रुवारीच्या सराव सामन्यात ठिपके होते, जपानने निषेध नोंदवला. प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये ठिपके गायब, कारण तिथे शब्द आयओसीचा. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतही बिनठिपक्यांचाच ध्वज. दोन कोरियांचं एकमत झालं तरी तिसऱ्याला आक्षेप घ्यायला जागा असते ती अशी.

आणि फक्त हॉकी बघून संयुक्त संघ म्हणजे फसवा देखावा असं कुणी म्हणू नये. उत्तरेच्या २२ खेळाडूंमध्ये फिगर स्केटिंगची जोडी र्‍योम ते-ओक आणि किम जू-सिक स्वतःच्या गुणांवर आधीच पात्र ठरली होती. मुदतीत होकार कळवला नाही म्हणून त्यांची जागा जपानला गेली होती. आयओसीने त्यांना जादा प्रवेश दिला. बाकीच्यांना राजकीय कोटा होता, या दोघांना म्हणता येणार नाही.

---

बर्लिनकर

प्रश्न ४. जर्मनीला 'जमलं' हे अर्धसत्य आहे. आयओसीने गळ्यात मारलं म्हणून जमलं.

१९५५ मध्ये पूर्व जर्मनीच्या समितीला आयओसीने तात्पुरती मान्यता दिली ती एका अटीवर: एकच संघ पाठवा. पूर्वेला जगात फारसं कुणी ओळखत नव्हतं, ऑलिंपिकचं दार दुसरं नव्हतं, म्हणून त्यांनी अट पत्करली. पश्चिमेला वाटलं, एकच संघ म्हणजे एकच जर्मनी, आपलंच म्हणणं खरं ठरलं. दोघांनी एकाच कागदावर उलट-सुलट अर्थ लावून सह्या केल्या. १९५६, १९६० आणि १९६४, तिन्ही वर्षांच्या उन्हाळी आणि हिवाळी स्पर्धांत संघ एकत्र गेला.

गीत: बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगान. ध्वज: १९५६ ला प्रश्नच नव्हता, दोघांचा काळा-लाल-सोनेरी सारखाच होता. १९५९ मध्ये पूर्वेने त्यावर हातोडा-कंपासचं चिन्ह घातलं आणि घोटाळा झाला. तोडगा निघाला तो लाल पट्ट्यावर पांढरी ऑलिंपिक वर्तुळं. बॉनचं (पश्चिम जर्मनीचं) सरकार खवळलं, पण पश्चिमेच्या ऑलिंपिक समितीने सरकारला न जुमानता ते मान्य केलं. क्रीडा संघटना सरकारपासून किती मोकळी आहे, हे असल्या वेळी कळतं. दोन कोरियांमध्ये, निदान उत्तरेत, ही फट नाही.

निवड: प्रत्येक खेळात पूर्व विरुद्ध पश्चिम निवड चाचणी. जो जिंकेल तो जाणार. वरून नियम असा, की ज्या बाजूचे खेळाडू जास्त, पथकप्रमुख त्यांचा. झालं, चाचण्या ऑलिंपिकपेक्षा जास्त ईर्ष्येने खेळल्या जाऊ लागल्या. एरवी कुणी ढुंकून बघत नाही अशा खेळातली एखादी जागाही संख्या वाढवायला हवीशी झाली. १९६४ ला टोकियोत पूर्वेचे खेळाडू जास्त भरले आणि पथकप्रमुखपद त्यांच्याकडे गेलं. पश्चिमेचा उत्साह तिथेच मावळला. ऑक्टोबर १९६५ च्या माद्रिद अधिवेशनात आयओसीने संघ वेगळे केले. १९६८ ला दोन संघ पण ध्वज आणि गीत तेच. स्वतंत्र ध्वज आणि राष्ट्रगीत १९७२ पासून, म्हणजे उन्हाळी स्पर्धेत पूर्व जर्मनीचं राष्ट्रगीत पहिल्यांदा वाजलं ते नेमकं म्युनिकला, पश्चिमेच्या अंगणात.

ऑलिंपिकबाहेर काय चाललं होतं तेही बघा. १९६१ च्या आइस हॉकी विश्वस्पर्धेत पश्चिम जर्मनीने पूर्वेशी खेळायलाच नकार दिला, हरलो तर त्यांच्या ध्वजासमोर उभं राहावं लागेल म्हणून. सामना पूर्वेला बहाल झाला. ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहिल्यावर नाटो देशांत जायला पूर्वेच्या लोकांना पश्चिम बर्लिनमधल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रवास कार्यालयाकडून कागद लागे, आणि तो नाकारला जाऊ लागला. १९६२ ची आइस हॉकी विश्वस्पर्धा अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला होती. पूर्व जर्मनीला प्रवेश मिळाला नाही, म्हणून सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकियानेही बहिष्कार घातला. विश्वविजेतेपदाची निम्मी मजा गेली.

कोरियाला हाच साचा १९६३ मध्ये देऊन पाहिला. लोझानला 'आरिरांग' वर एकमतही झालं, पण पुढे हाँगकाँगच्या बोलण्यांत फिसकटलं. जर्मनीत भिंतीआधी तरी खेळाडू ये-जा करू शकत होते, चाचण्या घेता येत होत्या. कोरियात युद्धबंदी रेषेपलीकडे पत्रसुद्धा जात नव्हतं. मग निवड चाचणी घेणार कुठे?

---

मधली फळी

भारी माहिती, सगळ्यांचे आभार. एक शंका. खेळाच्या दृष्टीनेही फायदा झाला असा संयुक्त संघ आहे का? की सगळे प्रदर्शनापुरते?

---

टेबलाखालून

आहे, आणि माझ्याच खेळातला आहे! एप्रिल १९९१, जपानमधलं चिबा, टेबल टेनिसची विश्व अजिंक्यपद स्पर्धा. संघाचं नाव नुसतं 'कोरिया'. करार फेब्रुवारीत झाला, म्हणजे तयारीला दोनेक महिने मिळाले, आणि एकत्र सराव जपानमध्येच झाला. महिला सांघिक अंतिम फेरीत त्यांनी चीनला ३-२ ने हरवलं. चीनने त्याआधी सलग आठ वेळा हा चषक जिंकलेला. दक्षिणेची ह्युन जंग-ह्वा आणि उत्तरेची ली बुन-हुई यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण लढत फिरवली ती उत्तरेच्याच यू सुन-बोकने. तिने दोन्ही एकेरी जिंकल्या, त्यातली एक देंग यापिंगविरुद्ध.

हॉकीशी ताडून बघितलं की कारण दिसतं. टेबल टेनिसच्या सांघिक लढतीत एकेरी एकेकट्याने खेळायच्या असतात. दोन्हीकडचे सर्वोत्तम उचला, जागेवर ठेवा, मधे फक्त दुहेरीची जोडी घडवावी लागते. जिथे समन्वय कमी लागतो किंवा तालावर चालतो, तिथे विलीनीकरण फळतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत महिलांनी ५०० मीटर ड्रॅगन बोटीचं सुवर्ण घेतलं, तेही थोड्या आठवड्यांच्या एकत्र सरावावर. बहुविध खेळांच्या स्पर्धेत संयुक्त कोरियाचं ते पहिलं सुवर्ण. महिला बास्केटबॉलमध्ये रौप्य मिळालं. उलट २०१९ च्या पुरुष हँडबॉल विश्वस्पर्धेत १६ अधिक ४ असा २० जणांचा संघ २२ व्या क्रमांकावर राहिला.

महासंघाने नियम कसा वाकवला याचा नमुना हवा असेल तर मे २०१८, स्वीडनमधलं हाल्मस्टाड. महिला सांघिक उपांत्यपूर्व फेरीत दोन कोरिया समोरासमोर आले आणि सामना न खेळता तिथल्या तिथे एकच संघ झाला. सुरू असलेल्या स्पर्धेत! इतर संघांना विचारून आंतरराष्ट्रीय महासंघाने होकार दिला. उपांत्य फेरीत जपानने ३-० ने हरवलं, पण उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना कांस्य असल्याने दोन्हीकडच्या खेळाडूंना पदकं. भावनेला टाळ्या पडल्या. पण जपानसमोर अचानक दोन संघांची मलई येऊन उभी राहिली, आणि हे कुठल्याही नियमपुस्तकात बसत नाही. जपान हरला असता तर गदारोळ झाला असता, हे माझं मत.

---

गल्ली पॉइंट

धागाकर्त्याने परवानगी दिली आहे म्हणून थोडक्यात. भारत-पाकिस्तान आणि कोरिया यांत एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे एकमेकांच्या राज्याला मान्यता आहे, त्यामुळे ध्वज-गीताचा वाद जवळपास होत नाही. वाद होतो व्हिसा आणि मैदानाचा.

व्हिसाचं उदाहरण फेब्रुवारी २०१९, दिल्लीतली नेमबाजी विश्वचषक स्पर्धा. पुलवामानंतर पाकिस्तानच्या दोन नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. आयओसीने २५ मीटर रॅपिड फायर प्रकारातल्या दोन ऑलिंपिक जागा त्या स्पर्धेतून काढून घेतल्या आणि भारताशी भावी यजमानपदाच्या चर्चा थांबवल्या. सरकारकडून लेखी हमी गेल्यावर जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. म्हणूनच २१ ऑगस्ट २०२५ च्या क्रीडा मंत्रालयाच्या धोरणात दोन वेगळे कप्पे आहेत: द्विपक्षीय खेळ बंद, बहुराष्ट्रीय स्पर्धांना हरकत नाही. २०३६ चं ऑलिंपिक मागायचं असेल तर दुसऱ्या कप्प्याला कुलूप लावता येत नाही.

मैदानाचं उत्तर म्हणजे त्रयस्थ ठिकाण, वर राखीव गोलकीपर म्हणाले तेच. डेव्हिस चषकाची इस्लामाबादची लढत नोव्हेंबर २०१९ मध्ये कझाकस्तानला गेली. क्रिकेटमध्ये २०२३ च्या आशिया चषकाचे ४ सामने पाकिस्तानात आणि ९ श्रीलंकेत झाले, २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत सगळे सामने दुबईत खेळला. आणि मैदान बदलायला सरकारच लागतं असं नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली आणि पाकिस्तानचा दौराच बारगळला. जानेवारी १९९९ मध्ये कोटलाची खणली, तेव्हा बोर्डाने कसोट्यांचा क्रम बदलला: आधी चेन्नई, मग डागडुजी केलेली दिल्ली. त्याच खेळपट्टीवर कुंबळेचे ७४ धावांत १० बळी.

---

पंचनामा

ध्वज-गीताचा वाद 'जवळपास' होत नाही हे बरं लिहिलंत. २२ फेब्रुवारी २०२५ ला लाहोरमध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्याआधी काही क्षण 'जन गण मन' वाजलं होतं! चुकीची फीत लागणं हा या क्षेत्रातला कायमचा रोग आहे. २५ जुलै २०१२ ला ग्लासगोत उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉलपटूंच्या चित्रांशेजारी पडद्यावर दक्षिणेचा झेंडा आला. संघ मैदानातून निघून गेला, सामना तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाला. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात दक्षिणेच्या पथकाची घोषणा उत्तरेच्या अधिकृत नावाने झाली, तेव्हा आयओसीच्या अध्यक्षांनी दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून माफी मागितली.

---

मधली फळी

शेवटचं विचारतो. आजच्या घडीला दोन कोरियांच्या संयुक्त संघाची शक्यता किती?

---

राखीव गोलकीपर

नजीकच्या काळात शून्य. २०२३ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उन यांनी एकीकरणाचं उद्दिष्टच सोडल्याचं जाहीर केलं, दक्षिण आता शत्रुराष्ट्र. एकीकरणच नाही तर एकीकरण ध्वज कसला? हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याची झलक दिसली होती. 'नॉर्थ कोरिया' म्हटलं की त्यांचे प्रशिक्षक आणि अधिकारी पत्रकारांना तिथेच तोडत होते, आमचं पूर्ण नाव घ्या म्हणून.

प्याँगयांगमध्ये पाहुण्यांना खेळवण्याचीही आता खात्री उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या महिला फुटबॉल पात्रतेचा जपानविरुद्धचा घरचा सामना जेद्दाला हलवावा लागला, परतीचा टोकियोला झाला. जपानमध्ये उत्तरेच्या नागरिकांना प्रवेशबंदी असूनही खेळाडू म्हणून त्यांना येऊ दिलं. पुढच्याच महिन्यात जपानशीच पुरुषांचा विश्वचषक पात्रता सामना २६ मार्चला प्याँगयांगला ठरला होता. सामना पाच-सहा दिवसांवर असताना उत्तरेने घेता येणार नाही असं कळवलं. इतक्या कमी वेळात त्रयस्थ मैदान मिळेना, आणि या वेळी फिफाने सामना जपानला ३-० ने बहाल करून १०,००० स्विस फ्रँकचा दंड लावला. पुढच्या फेरीतले उत्तरेचे काही घरचे सामने लाओसमध्ये झाले.

२००८ शी तुलना करा. तेव्हा नकार वेळेत आला होता म्हणून शांघाय मिळालं आणि एक गुणही. २०२४ ला नकार उशिरा आला, सामना गेला.